प्रयोगशाळा-प्रशिक्षणासाठी प्रवास अनुदान

पीएचडी करणाऱ्या किंवा नुकतीच पीएचडी झालेल्या संशोधकाला दुसऱ्या प्रयोगशाळेत काही आठवडे वा महिने राहून एखादे तंत्र शिकता यावे, यासाठी दिली जाणारी छोटी आर्थिक मदत. प्रवास, राहणे-जेवण आणि बहुधा व्हिसाचा खर्च तीतून भागतो. पगार आणि उपकरणे सहसा तीत बसत नाहीत. परिषदेला जाण्यासाठी मिळणारे अनुदान वेगळे. तिथे माणूस झालेले काम सांगायला जातो, इथे न येणारे काम शिकायला.

तंत्र शिकायला प्रत्यक्ष जावेच का लागते, याचे उत्तर हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाच्या अभ्यासात सापडते. वातावरणीय दाबावर चालणारा एक नवा कार्बन डायऑक्साइड लेसर वेगवेगळे गट कसा बांधतात, याचा मागोवा त्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतला. नुसते छापील शोधनिबंध वाचून एकाही गटाला तो चालू करता आला नव्हता. ज्यांना जमले, त्यांचा असा लेसर आधी बांधलेल्या कोणाशी तरी संबंध आला होता. पुढे नीलमण्यावरच्या एका प्रयोगातही हेच दिसले. नीलमण्याच्या दंडगोलातली कंपने किती सावकाश विरतात हे मॉस्कोतल्या गटाने मोजले होते, पण जवळजवळ वीस वर्षे इतरांना ते आकडे मिळेनात. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी एकमेकांकडे जाऊन काम केले, तेव्हा १९९९ मध्ये ग्लासगोत ते मोजमाप साधले. ज्या बारीक धाग्याने दंडगोल टांगायचा, त्याला किंचित तेलकटपणा हवा होता. त्यासाठी रशियन शास्त्रज्ञ तो धागा नाकावरून किंवा कानामागून फिरवून घेत. असली गोष्ट निबंधाच्या ‘कार्यपद्धती’ विभागात कोण लिहिणार?

संशोधकाला असे दुसरीकडे पाठवण्याची कल्पना जुनी आहे. आन्टोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये इटलीतील नेपल्स येथे सागरी प्राणिशास्त्राचे केंद्र स्थापन केले आणि त्याच्या खर्चासाठी ‘टेबल’ भाड्याने देण्याची पद्धत सुरू केली. विद्यापीठे आणि सरकारे वर्षाचे भाडे भरत व आपला संशोधक तिथे पाठवत. त्याला बसायला जागा, रसायने आणि समुद्रातून ताजे आणलेले प्राणी मिळत. स्त्री-संशोधकांना अशी संधी क्वचितच मिळते हे पाहून अमेरिकेतल्या स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्गणी काढून खास त्यांच्यासाठी एक टेबल घेतले. दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्त्यांचा प्रवाहही याच सुमारास सुरू झाला. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या नफ्यातून उभ्या राहिलेल्या निधीवरच भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड १८९५ मध्ये न्यूझीलंडहून केंब्रिजला पोचला.

आज हे अनुदान देणाऱ्यांत शास्त्रीय संस्था, नियतकालिके चालवणारे विश्वस्त निधी आणि देशादेशांच्या सहकार्य योजना आहेत. रेण्वीय जीवशास्त्रातील ‘एम्बो’ ही युरोपीय संस्था जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भेटीला पैसे देते. भेट मात्र एका देशातून दुसऱ्या देशात व्हावी लागते. १९२५ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ‘द कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स’ आपल्या नियतकालिकांच्या उत्पन्नाचा काही भाग अशा फेलोशिपसाठी बाजूला ठेवते. ‘कॉस्ट’ या संशोधन-सहकार्याच्या युरोपीय जाळ्यातही अल्पमुदतीच्या भेटींची सोय आहे.

अर्जात बहुधा यजमान प्रयोगशाळेचे संमतिपत्र, स्वतःच्या मार्गदर्शकाचे पत्र, अंदाजपत्रक आणि दिवसवार वा आठवडेवार आराखडा मागतात. निवड करणारे खरे बघतात ते एवढेच: हे तंत्र आपल्याकडे का शिकता येत नाही, आणि मागितलेल्या दिवसांत ते शिकून होईल का. ‘अमुक प्रयोगशाळा नामांकित आहे’ हे कारण पुरत नाही. ‘माझ्या नमुन्यातल्या पेशी छेद घेताना फाटतात आणि त्या गटाने नेमकी हीच अडचण सोडवली आहे’ हे पुरते. अनेकांच्या बाबतीत स्वतःच्या नावावर मिळवलेला हा पहिला निधी असतो, म्हणून रक्कम लहान असली तरी मोल मोठे.

यातला सर्वांत जाचक नियम म्हणजे आधी खर्च करा, मग पावत्या दाखवून पैसे घ्या. ज्याच्या हाताशी शिल्लक नाही किंवा ज्याला व्हिसासाठी खात्यात रक्कम दाखवावी लागते, त्याला मंजूर झालेले अनुदानही वापरता येत नाही. रक्कम आगाऊ देणे हाच यावर सरळ उपाय आहे, आणि ज्या संस्था तसे करतात त्यांच्याकडे गरजू विद्यार्थी खऱ्या अर्थाने पोचू शकतात. लहान मूल असलेल्या संशोधकांची अडचण आणखी वेगळी. मुलाच्या सांभाळाचा खर्च अजून सगळ्याच योजनांत धरलेला नसतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी ठरवून घेतात: तिथे मिळालेली निरीक्षणे कोणाची, आणि निबंधात लेखक म्हणून कोणाची नावे येणार. नमुने किंवा जिवाणूंचे वाण सोबत न्यायचे असतील तर दोन्ही संस्थांत वेगळा करार लागतो आणि त्याला प्रवासापेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो.

परतल्यावर थोडक्यात अहवाल द्यावा लागतो. मात्र शिकलेले तंत्र स्वतःच्या प्रयोगशाळेत पहिल्याच फटक्यात चालेल असे नाही: सूक्ष्मदर्शक निराळा, पाणी निराळे, अभिकर्मक (प्रयोगात वापरायचे रसायन) दुसऱ्या कंपनीचा. म्हणून अनुभवी संशोधक जाताना आपलेच नमुने नेतात, काही नमुने यजमानांकडे ठेवून येतात आणि घरी प्रयोग फसला की तेच नमुने तिथे पुन्हा तपासून घेतात.