ढाळ तोच, गवत वेगळं

जोडभावी पेठेतल्या मामांच्या गच्चीला पावसाचं पाणी निघून जावं म्हणून ढाळ दिलेला आहे. नुसत्या डोळ्यांना तो कळतही नाही. जुन्या बाजारात हाती लागलेला गोल्फचा चेंडू मी तिथे ठेवला. क्षणभर तो जागेवर राहिला, मग हळूच निघाला आणि थेट पन्हाळीच्या जाळीला जाऊन टेकला. मग त्याच जागी आपली जाड सोलापुरी चादर अंथरली आणि चेंडू पुन्हा ठेवला. हलला नाही. बोटानं ढकलला तर वीतभर जाऊन थांबला.

"काय रं, ढाळ पळाला का काय?" मामा म्हणाले.

जुनी गोल्फ मैदानं आजच्या खेळासाठी बदलावीत की नाही, या वादातला सगळ्यात रंजक भाग मामांच्या या प्रश्नात आहे. सोलापुरात गोल्फ खेळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण ढाळ आणि घर्षण आपल्याही ओळखीचे आहेत.

गोल्फमध्ये चेंडू ज्या खळीत घालायचा, तिच्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात. ग्रीन किती निसरडं आहे हे मोजायला एक अगदी साधी पन्हळ वापरतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ओकमाँटच्या मैदानावर एका नामांकित खेळाडूचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत खाली वाळूत गेला. ते पाहून एडवर्ड स्टिम्पसन यांना ही कल्पना सुचली. पन्हळीतून चेंडू सोडायचा आणि सपाट ग्रीनवर तो किती फूट जातो ते मोजायचं, एवढंच. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शेकडो मैदानांवर असं मोजलं, तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आली. आज मोठ्या स्पर्धांमध्ये ११ ते १३ फूट ही नेहमीची गोष्ट आहे, कारण गवत जेमतेम ३ मिलिमीटर ठेवून कापतात. चादर जाऊन फरशी आली म्हणा ना.

आता थोडा हिशेब. पन्हळीतून सुटताना चेंडूचा वेग सेकंदाला साधारण ६ फूट असतो. तो किती लांब जाऊन थांबला यावरून गवताचं घर्षण काढता येतं आणि त्यावरून किती उतारावर चेंडू थांबूच शकणार नाही तेही कळतं. साडेसहा फुटांच्या ग्रीनवर ही मर्यादा १०० फुटांना सुमारे १२ फूट उतार इतकी येते. १० फुटांच्या ग्रीनवर ती पावणेआठच्या जरा वर, आणि १३ फुटांच्या ग्रीनवर सहाच्या आसपास. म्हणजे पणजोबांच्या काळात ७ टक्के उतारावर मजेत थांबणारा चेंडू आता खाली उतरतच राहणार. मातीचा एक कणही न हलवता मैदान बदललेलं असतं.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या 'ओल्ड कोर्स'वर नेमकं हेच दुखणं निघालं. ११व्या खळीच्या ग्रीनचा उतार आजच्या वेगाला पेलेना, म्हणून २०१२ साली तिथला काही भाग खणून सपाट करायचं ठरलं आणि मोठा गदारोळ झाला. तरीही २०१५च्या ओपन स्पर्धेत वारा सुटल्यावर त्याच ग्रीनवर थांबलेले चेंडू आपसूक सरकायला लागले. खेळ दहा तासांहून जास्त बंद ठेवावा लागला.

मैदानं लांब करण्याची गोष्ट त्यापुढे सरळ आहे. काठ्या हलक्या झाल्या, त्यांची टोकं धातूची आणि पोकळ झाली, चेंडूचा गाभा सुधारला. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या व्यावसायिकांचा पहिला फटका सरासरी २५७ यार्ड जायचा, आता ३००च्या आसपास जातो. उत्तर म्हणून अमेरिकेतलं ऑगस्टाचं मैदान तिथल्या २००२च्या मास्टर्स स्पर्धेआधी ६,९८५ यार्डांवरून ७,२७० यार्डांवर नेलं. वाढलेली प्रत्येक पट्टी म्हणजे आणखी जमीन, आणखी पाणी. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातून पाहिलं की हे जरा जास्तच खुपतं. आणि लांबी म्हणजेच अवघडपणा, असंही नाही. २०१३ची यूएस ओपन मेरियनच्या शंभर वर्षं जुन्या मैदानावर झाली. लांबी ७,००० यार्डांहून कमी, तरी विजेता जस्टिन रोझसुद्धा पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका वरच राहिला.

'मूळ स्वरूप जपा' म्हणणाऱ्यांची बाजूही मला पूर्ण पटत नाही. कुठलं मूळ? ओल्ड कोर्सवर एक फेरी २२ खळ्यांची होती, १७६४ साली ती १८ची केली. तो बदल इतका रुळला की आज जगभर १८ हाच नियम आहे.

तरी माझा कौल कुदळीच्या विरोधात. क्रिकेटनं २०१७ साली काय केलं? बॅटी जाड होत चालल्या तेव्हा कडेची जाडी ४० मिलिमीटरवर बांधली. लॉर्ड्सचं मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अडीच मीटर कललेलं आहे, पण ते सपाट केलं नाही. गोलंदाज त्या उताराचा फायदा घ्यायला शिकले. गोल्फच्या नियामक संस्थांनीही डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या चाचणीचा नियम कडक केला. अंतराची मर्यादा ३१७ यार्ड तीच, मात्र यंत्रानं चेंडूला मारायच्या काठीचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५वर नेला. आधी मर्यादेच्या काठावर पास होणारे चेंडू त्यामुळे बाद होतील.

ग्रीनच्या बाबतीत तर एवढाही खटाटोप नको.

"मग गवत जरा वाढू का देत नाहीत?" मामांनी विचारलं.

"निसरडं ग्रीन म्हणजे मैदानाची शान समजतात, मामा. शेजारच्याचं १२ असलं की आपलं १३ पाहिजे."

"हात्तिच्या," म्हणत मामांनी चादर उचलली. चेंडू पुन्हा पन्हाळीकडे निघाला.