‘इरिटेट’ या शब्दामागचं डिवचणं

डोळ्यांत धूर गेला की ‘इरिटेट होतंय’. कुणी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी ‘इरिटेट होतंय’. मराठीत या दोन अनुभवांना खरं तर वेगवेगळे शब्द आहेत. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, कातडीची आग होते. माणूस मात्र वैतागतो, कावतो, चिडतो. इंग्रजीला या सगळ्यासाठी एकच क्रियापद पुरतं. ते कसं, हे त्या शब्दाचा इतिहास पाहिला की कळतं.

मुळात लॅटिन ‘इरिटारे’, म्हणजे डिवचणं, चेतवणं. सोळाव्या शतकात क्रियापद इंग्रजीत आलं तेव्हा त्याचा एक अर्थ ‘एखाद्याला कृतीसाठी उठवणं’ असा होता. त्यात राग असायलाच हवा, असं नव्हतं. ‘चीड आणणं’ हा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. ‘इरिटेशन’ हे नाम तर त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, जखमा आणि सूज यांच्या संदर्भात वापरलं जात होतं. त्यामुळे शरीराचा अर्थ खरा आणि मनाचा लाक्षणिक, ही सरधोपट समजूत मला पटत नाही. दोन्हीकडे मूळ कल्पना एकच: बाहेरून काहीतरी टोचतं आणि आतून उत्तर येतं.

या उत्तराचं महत्त्व शरीरशास्त्रज्ञांनी ओळखलं. केंब्रिजचे प्राध्यापक फ्रान्सिस ग्लिसन यांना पित्ताशयाचं कोडं पडलं होतं: पित्त गरजेच्या वेळीच बाहेर कसं येतं? डिवचलं गेल्यावर प्रतिसाद देण्याची शक्ती अवयवातच असली पाहिजे, असं त्यांनी १६५४ मध्ये यकृतावरच्या ग्रंथात मांडलं आणि तिला ‘इरिटॅबिलिटी’ म्हटलं. पुढे १७५२ मध्ये ग्योटिंगेनला आल्ब्रेख्त फॉन हालर यांनी ही कल्पना प्रयोगांच्या आधारावर उभी केली. १९० प्राण्यांवर त्यांनी प्रयोग केले होते. एकेक भाग उघडा करायचा, त्याला सुरीचं टोक, उष्णता किंवा तीव्र रसायन लावायचं आणि पाहायचं. तो भाग आकसला तर ‘इरिटेबल’. प्राणी वेदनेने तडफडला तर तो भाग ‘संवेदनक्षम’. आकसणं हा स्नायूंचा गुण ठरला, जाणवणं हा मज्जातंतूंचा. शरीरातून काढल्यावरही काही काळ धडधडत राहणारं हृदय त्यांच्या यादीत सर्वांत वर होतं. ते प्रयोग आज वाचताना जीव कासावीस होतो, तरी त्यातून निघालेली गोष्ट मोठी आहे. ‘इरिटेबल’ असणं तेव्हा दोष नव्हता. ती जिवंतपणाची खूण होती.

दोष ती ठरली एकोणिसाव्या शतकात. पॅरिसचे डॉक्टर फ्रान्स्वा ब्रुसे यांनी जवळजवळ सगळ्या आजारांचं मूळ ‘इरिटेशन’मध्ये, विशेषतः जठर आणि आतड्यांच्या क्षोभात शोधलं. उपाय दोन: रुग्णाला उपाशी ठेवायचं आणि जळवा लावायच्या. या मताचा पगडा एवढा बसला की १८३३ या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. आधीच अशक्त झालेल्या माणसांचं त्यात किती रक्त गेलं असेल! एकाच शब्दात सगळं कोंबण्याचा मोह डॉक्टरांनाही महागात पडतो.

१८७१ मध्ये अमेरिकेत जेकब द कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या तीनशेहून अधिक सैनिकांची लक्षणं नोंदवली. छातीत धडधड, दुखणं, जरा चाललं की धाप. हृदयाच्या रचनेत मात्र बिघाड सापडत नव्हता. त्यांनी याला ‘इरिटेबल हार्ट’ म्हटलं. आजच्या ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’मध्ये तोच धागा आहे: तपासणीत आतड्याला इजा दिसत नाही, पण ते साध्या गोष्टीनेही पेटून उठतं. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शब्दच सांगतोय की उत्तर खरं आहे.

त्वचेच्या बाबतीत हा शब्द फार नेमका वापरतात. अंगठीखाली साबण अडकून राहतो, तिथली कातडी आधी कोरडी पडते, मग लाल होते, मग चिरते. साबण त्वचेला थेट इजा करतो, म्हणून हे ‘इरिटंट’चं काम. ॲलर्जीत आधी शरीराची त्या पदार्थाशी ओळख व्हावी लागते. इथे पुरेसा साबण आणि पुरेसा वेळ मिळाला तर कुणाचीही त्वचा बिघडेल. ‘इन्फ्लेम’ हे क्रियापद यापुढचं. त्यात लॅटिन ‘ज्वाळा’ आहे. इरिटेट म्हणजे डिवचणं, इन्फ्लेम म्हणजे पेटवणं. सूज हे डिवचण्याला शरीराने दिलेलं उत्तर.

‘ॲग्रव्हेट’शीही गल्लत होते. त्याचा मूळ अर्थ भार वाढवणं, म्हणजे आधीचं दुखणं आणखी बिघडवणं. तो शब्द ‘चीड आणणं’ या अर्थाने वापरण्यावर व्याकरणकारांनी पुष्कळ नाकं मुरडली, पण सतराव्या शतकापासून लोक तसा वापरत आले आहेत.

मराठीत आल्यावर ‘इरिटेट’ची वाक्यरचनाच बदलली. इंग्रजीत साध्या वाक्यात डिवचणारा कर्ता असतो: धूर डोळ्यांना इरिटेट करतो. आपण ‘मला इरिटेट होतंय’ म्हणतो, जसं ‘मला मळमळतंय’ म्हणतो. त्रास वाक्यात राहतो, डिवचणारा गळून पडतो. मग ऐकणाऱ्याला विचारावंच लागतं: कशाने?