बीजांडकोशातील संप्रेरके, व्हॅसोप्रेसिन आणि शरीरातील जलसंतुलन

बीजांडकोशातून स्रवणारी इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन आणि रिलॅक्सिन ही संप्रेरके प्रजननाखेरीज शरीरातील पाणी व सोडियम यांच्या नियमनावरही प्रभाव टाकतात. पाळीच्या आधी ‘अंगात पाणी साचते’ एवढ्यावर हा विषय बहुधा संपवला जातो. मात्र खरा बदल त्याहून मूलभूत आहे. तहान केव्हा लागावी आणि शरीरात पाणी राखून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक केव्हा स्रवावे, हे ठरवणारी पातळीच ही संप्रेरके खाली आणतात.

व्हॅसोप्रेसिन हे नऊ ॲमिनो आम्लांचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसमधील चेतापेशींत तयार होते आणि त्यांच्या लांब तंतूंवाटे पोष (पिट्युइटरी) ग्रंथीच्या पश्च खंडात येऊन तेथून रक्तात मिसळते. मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांमधील पेशींवर त्याची क्रिया झाली, की पेशीच्या आतील सूक्ष्म पुटिका पृष्ठभागाकडे सरकतात आणि त्यांतील ॲक्वापोरिन-२ ही पाण्याला वाट देणारी प्रथिने पेशीपटलात बसतात. त्यांच्या वाटेने पाणी पुन्हा शरीरात शोषले जाते व लघवी थोडी आणि दाट होते. निरोगी प्रौढांत रक्तद्रवाची तर्षणता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची संहती, साधारण २८० ते २९५ मिलिऑस्मोल प्रति किलोग्रॅम असते. ती किंचित वाढली तरी मेंदूतील तर्षणग्राही पेशींना ते जाणवते.

व्हॅसोप्रेसिन स्रवू लागण्याची पातळी मोजण्यासाठी शिरेतून तीव्र क्षारद्रावण सावकाश सोडतात आणि ठराविक अंतराने रक्त घेऊन तर्षणता व व्हॅसोप्रेसिन यांचा आलेख काढतात. व्हॅसोप्रेसिन ज्या बिंदूपासून वाढू लागते, तो उंबरठा. अशा चाचण्यांमध्ये ऋतुचक्राच्या पूर्वार्धाच्या तुलनेत बीजमोचनानंतरच्या उत्तरार्धात हा उंबरठा सुमारे ५ मिलिऑस्मोलने खाली आलेला आढळतो आणि तहानेचा उंबरठाही त्याच्याबरोबर उतरतो. व्हॅसोप्रेसिन आणि तहान दोन्ही एकत्र सरकत असल्यामुळे शरीर नवी, कमी तर्षणता नेहमीचीच असल्यासारखी सांभाळते.

इस्ट्रोजेनचे ग्राही, म्हणजे संप्रेरक ज्यांना जोडले जाते ती प्रथिने, तर्षणता जाणणाऱ्या भागांत तसेच उंदरांच्या व्हॅसोप्रेसिन निर्माण करणाऱ्या चेतापेशींतही सापडले आहेत, त्यामुळे त्याची क्रिया एकाहून अधिक ठिकाणी होत असावी. व्हॅसोप्रेसिन लवकर स्रवते म्हणून पाणी त्याच प्रमाणात साठते, असे मात्र नाही. मूत्रपिंडाचा प्रतिसादही बदलतो. प्रोजेस्टेरोनचे काम वेगळे आहे. ते मूत्रपिंडात, सोडियम राखून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या ग्राहींवर जागा अडवते, त्यामुळे सोडियम लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि ही घट भरून काढण्यासाठी अल्डोस्टेरोन वाढवणारे मूत्रपिंडातील रेनिन व स्वतः अल्डोस्टेरोन वाढतात. उत्तरार्धात रक्तातील अल्डोस्टेरोन अधिक आढळते, त्याचे एक कारण हेच. रेनिन ज्यावर क्रिया करते त्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाची यकृतातील निर्मिती इस्ट्रोजेनमुळे वाढते, तीही याच यंत्रणेत भर घालते.

गर्भारपणात हा बदल सर्वांत ठळक होतो. पहिल्या काही आठवड्यांतच तर्षणता सुमारे १० मिलिऑस्मोलने घटते आणि रक्तातील सोडियम लिटरमागे ४ ते ५ मिलिमोलने उतरते. पीतपिंडातून, म्हणजे बीजमोचनानंतर बीजांडकोशात तयार होणाऱ्या ग्रंथीतून, येणाऱ्या रिलॅक्सिनचा यात मोठा वाटा असावा, कारण गाभण उंदरांमध्ये त्याची क्रिया प्रतिपिंडांनी रोखली असता ही घट होत नाही. पुढे वारेतून व्हॅसोप्रेसिनेज हे विकर (एन्झाइम) रक्तात येते व व्हॅसोप्रेसिनचे विघटन वेगाने करू लागते. बहुतेक स्त्रियांमध्ये पोष ग्रंथी अधिक व्हॅसोप्रेसिन सोडून ही तूट भरून काढते. जिथे ते जमत नाही, तिथे अतिमूत्रता आणि असह्य तहान उद्भवते. अशा वेळी डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखे कृत्रिम औषध उपयोगी पडते, कारण हे विकर त्याचे विघटन करू शकत नाही.

वैद्यकीय दृष्टीने सर्वांत गंभीर बाब म्हणजे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरणे. शस्त्रक्रियेनंतर वेदना, मळमळ आणि काही औषधे यांमुळे व्हॅसोप्रेसिन आधीच वाढलेले असते. त्यात सोडियम कमी असलेली सलाईन अधिक प्रमाणात दिली गेली, तर पाणी शरीरात अडकते आणि मेंदूला सूज येते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सुजेमुळे मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा होण्याचे प्रमाण पाळी चालू असलेल्या वयातील स्त्रियांमध्ये पुरुषांच्या मानाने सुमारे २५ पट आढळले. स्त्री लैंगिक संप्रेरकांमुळे मेंदूच्या पेशींना आतले सोडियम बाहेर टाकणे अवघड जाते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून या वयाच्या रुग्णेला शस्त्रक्रियेनंतर डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी आली, तर भुलीचा परिणाम मानून थांबण्याआधी सोडियम तपासणे अत्यावश्यक ठरते.