सलाइनचे नेब्युलायझेशन

मिठाच्या निर्जंतुक द्रावणाचे अतिसूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत घेण्याची उपचारपद्धती. श्वासनलिकांत चिकटून बसलेला कफ सैल व्हावा आणि खोकल्यावाटे बाहेर पडावा, हा तिचा हेतू. उकळत्या पाण्याची वाफ घेणे ही निराळी गोष्ट आहे: वाफ होताना मीठ भांड्यातच राहते, नेब्युलायझर मात्र मिठासकट द्रवाचे थेंब हवेत सोडतो. हे थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉन व्यासाचे असतील तर खोलवर पोहोचतात. त्याहून मोठे घशातच अडकतात.

या उपचारात सगळा फरक मिठाच्या प्रमाणाने पडतो. ०.९ टक्के मीठ असलेले साधे सलाइन शरीरातील द्रवांशी जुळणारे असते. सॅल्ब्युटामॉलसारखी श्वासनलिका रुंदावणारी औषधे पातळ करण्यासाठी ते वापरतात. कफ सोडवण्याची त्याची स्वतःची ताकद मर्यादितच. कफासाठी जे मुद्दाम देतात ते ३ ते ७ टक्क्यांचे तीव्र, म्हणजे हायपरटॉनिक सलाइन. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात, म्हणजे ७ टक्क्यांचे द्रावण त्याच्या दुप्पट खारट.

श्वासनलिकांच्या आतील पेशींवर सूक्ष्म केस असतात आणि ते द्रवाच्या पातळ थरात सतत हलत राहतात. त्या थरावरचा चिकट श्लेष्मा धूळ आणि जंतू पकडतो व केसांच्या हालचालीने घशाकडे सरकतो. द्रवाचा थर आटला की केस दबतात, श्लेष्मा जागीच घट्ट होतो आणि त्यात जंतू घर करतात. तीव्र सलाइन या थरावर पडले की परासरणाने पेशींमधील व आसपासचे पाणी तिकडे ओढले जाते. थर पुन्हा भरतो, कफ पातळ होतो. शिवाय मिठाने खोकल्याची उबळ येते. रुग्णाला ती नकोशी वाटते, पण बरेच काम तीच करते.

ही पद्धत सर्वांत नीट अभ्यासली गेली ती सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात. त्याला कारणीभूत जनुक १९८९ मध्ये सापडले. ते बिघडल्याने पेशींतून क्लोराइड आणि पाण्याची ये-जा विस्कळीत होते आणि श्वासनलिका कोरड्या पडतात. ऑस्ट्रेलियात लाटांवर सर्फिंग करणाऱ्या काही रुग्णांची छाती इतरांपेक्षा मोकळी राहते, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. सिडनीतील मार्क एल्किन्स, पीटर बाय आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांवर केलेली ४८ आठवड्यांची चाचणी जानेवारी २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निम्म्यांना दिवसातून दोनदा ४ मिलि ७ टक्के सलाइन, उरलेल्यांना ०.९ टक्के. चवीवरून कोणाला काय मिळाले ते कळू नये म्हणून दोन्ही द्रावणांत कडू क्विनीन मिसळले होते! फुप्फुसांची क्षमता कालांतराने बदलण्याचा वेग, हा चाचणीचा मुख्य निकष, दोन्ही गटांत फारसा वेगळा निघाला नाही. मात्र आजार उफाळण्याचे प्रमाण तीव्र सलाइनच्या गटात निम्म्याहून कमी होते.

त्याच अंकात अमेरिकेतील चॅपल हिल येथील गटाचा लहानसा अभ्यास होता आणि त्याचा निकाल अधिक चकित करणारा होता. सलाइनने ओढलेले पाणी पेशी लगेच परत शोषून घेतील, म्हणून ते शोषण रोखणारे अमिलोराइड आधी दिल्यास परिणाम टिकेल, अशी अटकळ होती. झाले उलटेच: अमिलोराइडविना सलाइन घेणाऱ्यांत कफ सरकण्याचा वाढलेला वेग किमान आठ तास टिकला.

प्रत्यक्ष उपचारात क्रम महत्त्वाचा. तीव्र सलाइनने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात, विशेषतः दमेकऱ्यांत; म्हणून पहिला डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आधी व नंतर नळीत जोराने फुंकायला लावून फुप्फुसांची क्षमता तपासून देतात. एरवी प्रथम श्वासनलिका रुंदावणारे औषध, मग सलाइन, त्याबरोबर किंवा लगेच नंतर छातीची फिजिओथेरपी आणि तोंड उघडे ठेवून जोराने उच्छ्वास सोडत कफ काढणे. नेब्युलायझरने श्वासावाटे घ्यायचे प्रतिजैविक असल्यास ते सर्वांत शेवटी, मोकळ्या झालेल्या नलिकांत. मशीन लावून रुग्ण तसाच पडून राहिला तर सैल झालेला कफ आतच राहतो. आपल्याकडे गफलत होते ती अनेकदा इथेच. घरी मीठ-पाणी कालवून किंवा नळाचे पाणी घालून नेब्युलायझर वापरू नये, जंतू थेट फुप्फुसांत जातात. निव्वळ डिस्टिल्ड पाणीही नको. त्यानेही श्वासनलिका आवळतात. कप आणि मुखनळी प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण वाळवावी लागते.

इतर आजारांत चित्र इतके स्पष्ट नाही. भारतात क्षयातून बरे झालेल्या अनेकांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात आणि त्यांत कफ साचत राहतो (ब्रॉन्किएक्टेसिस). अशा रुग्णांना सलाइनने कफ काढणे सोपे जाऊ शकते, मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत आजार उफाळण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. तान्ह्या बाळांच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (विषाणूमुळे बारीक श्वासनलिकांना येणारी सूज) अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये आपत्कालीन विभागात तीव्र सलाइन वापरू नये, दाखल बाळांना देता येईल, असे म्हटले. साध्या सर्दी-खोकल्यात दर वेळी मशीन लावण्याला तर फारसा आधार नाही.

उपचाराशी थेट संबंध नसलेला एक उपयोग आपल्याकडे मोलाचा आहे: क्षयाच्या निदानासाठी बेडका मिळवणे. लहान मुलांना किंवा कोरडा खोकला असलेल्यांना बेडका काढता येत नाही, तेव्हा ३ टक्क्यांच्या आसपासचे सलाइन देऊन तो काढवतात. त्या वेळी उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरू शकतात, म्हणून हे काम हवेशीर, शक्य तर ऋण दाबाच्या (आतली हवा बाहेर इतरत्र पसरू न देणाऱ्या) खोलीत होते आणि कर्मचारी एन-९५ मास्क घालतात.