वेदनावर्तन आणि जुनाट दुखण्याचे व्यवस्थापन

दुखणे ज्या कृतींतून बाहेर दिसते त्या कृतींना वेदनावर्तन म्हणतात. कण्हणे, लंगडणे, कंबरेवर हात ठेवून उठणे, गोळी मागणे, भर दुपारी अंथरुणाला पाठ टेकणे, ही सगळी वेदनावर्तने. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकात दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा दुखण्यात ही वर्तने मूळ इजेपासून सुटी होऊन स्वतंत्रपणे टिकू शकतात, आणि शिकली गेलेली असल्यामुळे ती बदलताही येतात, हा वर्तनमानसशास्त्राचा या क्षेत्रातला मुख्य विचार आहे.

तो मांडला विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुनर्वसन विभागात काम करताना त्याने सहकाऱ्यांसह 1968 साली या विषयावर शोधनिबंध लिहिला आणि 1976 मध्ये ग्रंथ. त्याच्या मांडणीचा पाया अमेरिकन वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचे साधक अभिसंधान हा होता : ज्या वर्तनामागोमाग हवीशी गोष्ट मिळते ते वर्तन वाढते, काहीच मिळत नाही ते हळूहळू ओसरते. त्याआधी 1965 साली मेलझॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी ‘द्वार नियंत्रण’ सिद्धांत मांडून मज्जारज्जूतच वेदनेचे संदेश कमीजास्त होतात आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांचा त्यावर परिणाम होतो, असे सांगितले होते. इजा जेवढी तेवढेच दुखणे, हे सरळ गणित तिथेच मोडले होते.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्याने रुग्णांचे फार नुकसान होते. एक्स-रेमध्ये काही सापडले नाही की घरात हळूच बोलले जाते, ‘हिचे मनाचेच खेळ आहेत.’ फोर्डाइसचे म्हणणे ते नव्हे. वेदना खरीच असते. रुग्ण ढोंग करत नसतो. शिकण्याची ही प्रक्रिया आपल्या नकळत घडते. कंबरेत चमक भरली, आडवे पडले, बरे वाटले. हे शंभर वेळा झाले की चमक भरायच्या आधीच शरीर आडवे पडायला बघते. न वापरल्याने स्नायू ढिले पडतात आणि मग थोड्याशा कामानेही अधिक दुखते.

उपचाराचा कणा म्हणजे कामाचा ठरवून दिलेला वाटा. बहुतेक रुग्ण दुखण्याच्या तालावर चालतात. चार दिवस अंग धरते म्हणून काही करायचे नाही; पाचव्या दिवशी जरा मोकळे वाटले की दिवाळीची साफसफाई, माळा, डबे, पितळेची भांडी सगळे एकदम काढायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे. यात विश्रांती दरवेळी दुखण्याचे बक्षीस ठरते आणि काम शिक्षा. फोर्डाइसने हा क्रम उलटवला. समजा, एखाद्या बाईंना थांबावेसे वाटेपर्यंत चालायला सांगितले आणि तीन दिवसांत त्या 12, 8 आणि 10 मिनिटे चालल्या. सरासरी 10 मिनिटे. मग सुरुवात त्याहून थोडी कमी, 8 मिनिटांपासून करायची आणि दर दोन दिवसांनी एकेक मिनिट वाढवायचे. दुखत असले तरी ठरल्याइतके चालायचे, आणि छान वाटत असले तरी त्याहून जास्त नाही. हे दुसरे कलम पाळणेच लोकांना जड जाते. वाटा पूर्ण झाला की विश्रांती. आता ती काम केल्याबद्दल मिळते, दुखल्याबद्दल नाही.

औषधालाही तोच न्याय. ‘दुखेल तेव्हा घ्या’ याऐवजी घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी मात्रा दिली जाते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती क्रमाने उतरवली जाते. फोर्डाइसच्या विभागात चव झाकणाऱ्या पातळ औषधातून हे केले जाई. मात्रा कमी होत जाणार हे रुग्णाला आधीच सांगितलेले असे.

खरी अवघड बाजू घरच्यांची. आई कण्हली की मुलगी हातातले काम टाकून बाम घेऊन धावते. आई स्वतःहून भाजी निवडायला बसली तर मात्र कोणी बघतही नाही, उलट ‘तू राहू दे, मी करते’ म्हणून ताट काढून घेतात. माया दोन्हीकडे सारखीच, पण शिकवण उलटी पोचते. उपचारात घरच्यांना लक्ष देण्याची जागा बदलायला शिकवतात : कण्हण्यापाशी शांत राहायचे आणि भाजी निवडताना शेजारी बसून गप्पा मारायच्या. याचा अर्थ दुखणेकऱ्याकडे दुर्लक्ष करणे असा घेतला तर घात होतो. माणसाला वाऱ्यावर सोडायचे नसते, फक्त लक्ष देण्याची वेळ बदलायची असते. ‘तुला दुखतंय, कळतंय मला’ हे एकदा मनापासून म्हणायला काहीच हरकत नाही.

पुढच्या काळात भीतीचा अभ्यास झाला. ‘वाकलो तर मणका सरकेल’ अशा धास्तीने टाळलेली हालचाल पायरीपायरीने करायला लावणारी पद्धत त्यातून आली; व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली या भय-टाळाटाळ प्रतिमानाचा आढावा घेतला. विचारांवरही काम करणारा बोधात्मक वर्तनोपचार आज सर्वाधिक अभ्यासलेला आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) त्याचा फायदा वेदना, अक्षमता आणि मनस्ताप या तिन्हींत दिसला, पण तो लहानच होता. दुखणे नाहीसे करण्याचा दावा ही पद्धत करत नाही. दुखण्यासकट बाजारात जाता यावे, नातवाला उचलता यावे, हे तिचे माप आहे.

हे सगळे तपासण्या झाल्यावरचे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पाय लुळा पडणे, कारण नसताना वजन उतरणे, तापासह पाठ दुखणे, यांत आधी डॉक्टरांकडेच जावे लागते. आणि उपचार नीट चालू असतानाही मध्येच दुखणे उसळते. त्या दिवसासाठी वाटा आधीच लिहून ठेवतात : 20 मिनिटे चालणारा 12 वर येतो, शून्यावर नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा एकेक मिनिट चढू लागतो.