टपरीचा वाढलेला धंदा आणि बांधापलीकडची मधमाशी: या दोन फायद्यांत गल्लत नको

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत नवा टॉवेल कारखाना येणार म्हटलं की सोलापुरात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. टपरीवाला, रिक्षावाला, खोल्या भाड्याने देणारा, सगळ्यांचं भलं होणार. म्हणजे ही सकारात्मक बाह्यता, एकाच्या कामातून तिऱ्हाइताला पैसे न मोजता मिळणारा फायदा, म्हणून सरकारने सवलत द्यावी. पहिला भाग बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे, आणि स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपासून सभेतल्या भाषणांपर्यंत तो तसाच फिरत राहतो याचा मला मनापासून त्रास होतो.

बाजारातून मिळणारा फायदा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कामगार आले, चहा खपला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाभोवती होणारा धंदाही याच जातीचा. इथे प्रत्येक कमाईमागे कुणीतरी पैसे मोजलेले असतात. चहाच्या पैशांच्या बदल्यात टपरीवाल्याने दूध, साखर, गॅस आणि दिवसभराची मेहनत दिली. खोलीचं भाडं वाढलं तर घरमालकाला जास्तीचं जे मिळालं, तेच भाडेकरूच्या खिशातून गेलं. बेकार हातांना काम मिळत असेल तर तो खराच लाभ आहे, पण तो रोजगाराचा मुद्दा म्हणून मांडा. आणि मालकाने शाळेला वर्गखोल्या बांधून दिल्या तर ते दान झालं. बाह्यता म्हणजे कामाचा ओघाने होणारा परिणाम, ठरवून केलेल्या गोष्टीचा तिथे संबंध नाही.

खरी बाह्यता बघायला सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत चला. फुलोऱ्यात काही बागायतदार मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, कारण माश्यांमुळे फळधारणा सुधारते. पेटीवाल्याला भाडं मिळालं, बागायतदाराला फळ. हा सरळ व्यवहार झाला, यातही बाह्यता नाही. पण माशी बांधापाशी थांबत नाही. पेटीतल्या माश्या दोन-तीन किलोमीटर सहज जातात. शेजाऱ्याच्या फुलांवरही त्या बसतात, त्याचंही फळ वाढतं, आणि त्याने एक रुपयाही दिलेला नसतो. बांधाच्या अलीकडे त्या माशीचं काम व्यवहारात मोजलं गेलं, पलीकडे ते कुणाच्याच हिशेबात आलं नाही.

आता हा फरक महत्त्वाचा का, ते बघू. समजा एका जादा पेटीचं भाडं दोन हजार आहे. तिच्यामुळे आणणाऱ्याच्या बागेत दीड हजारांचं फळ वाढणार आणि शेजाऱ्याकडे हजाराचं. दोघांचं मिळून अडीच हजार, म्हणजे पेटी परवडणारी आहे. तरी ती येत नाही, कारण भाडं देणारा आपले दीड हजारच धरतो. फायदा हिशेबाबाहेर राहिला की चांगलं काम हवं त्यापेक्षा कमी होतं, हे बाह्यतेचं खरं लक्षण. टपरीवर असं काही घडत नाही. गिऱ्हाईक वाढलं की पैसे थेट टपरीवाल्याच्या हातात पडतात आणि तो तेवढा चहा वाढवतो. अनुदानाने भरून काढावी अशी उणीव तिथे नाही. अर्थतज्ज्ञ जेकब व्हायनर यांनी १९३१ मध्येच हे दोन प्रकार वेगळे केले होते.

बाह्यता दिसली की अनुदानच हवं, असंही नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ मध्ये मधमाश्या आणि सफरचंदाच्या बागांचं उदाहरण देऊन बाजार कुठे कमी पडतो ते मांडलं. पुढे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन चंग यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले प्रत्यक्ष व्यवहार तपासले आणि १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. तिथे पेटीवाले आणि बागायतदार यांच्यात रीतसर करार होते. शिवाय शेजारी जेवढ्या पेट्या लावतात त्या प्रमाणात आपणही लावायच्या, असा बागायतदारांचा आपसातला रिवाज होता.

आपल्या शिवारात असा रिवाज डाळिंबावरच्या तेल्या रोगाबाबत पडायला हवा असं मला कळकळीने वाटतं. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करणारा, रोगट फळं-फांद्या वेचून जाळणारा शेतकरी शेजारच्या बागाही वाचवतो, कारण हा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने पसरतो. मजुरी मात्र त्याच्या एकट्याच्या खिशातून जाते. सरकारी पैसा आधी इथे यावा, कारखान्याच्या सवलतीचं मग बघता येईल.

कारखान्यासाठी मागायचंच असेल तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांवरचं एक उदाहरण भक्कम आहे. एका मालकाकडे जेकार्ड, म्हणजे कापडात नक्षी विणणारं मागावरचं यंत्र, बसवायला, दुरुस्त करायला शिकलेला माणूस उद्या दुसऱ्या कारखान्यात जातो आणि आधीच्या मालकाने शिकवण्यावर घातलेला वेळ नव्या मालकाला आयता मिळतो. त्या कौशल्याचा जो भाग वाढीव पगारातून कामगाराकडे गेला तो बाजाराचा. नव्या मालकाला फुकट मिळाला तेवढाच बाह्यतेचा, आणि सवलतीची मागणी तेवढ्यापुरतीच करता येईल.