पाव इंच आत, पावणेदोन इंच बाहेर

डेट्रॉइटच्या उपनगरात आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या गॅरेजात १९६९ची शेव्हरले कॅमारो, म्हणजे दणकट इंजिनाची जुनी अमेरिकी ‘मसल कार’, उभी असते आणि कोपऱ्यात चार चकचकीत रिम्सची उतरंड. सगळ्यात वरच्या रिमवर रंगाचे डबे, ब्रश, एक जुना रेडिओ. ही रिम्स गाडीवर जेमतेम एक दुपार होती. १८ इंची, ९ इंच रुंद, फोटोत पाहून पसंत केलेली. पहिल्याच वळणावर पुढचं टायर मडगार्डच्या कडेला असं घासलं की रबराचा वास घरात येईपर्यंत टिकला होता.

“साइज तर बरोबर होती,” असं ते अजूनही म्हणतात. गंमत म्हणजे ते खोटं नाही. पेटीवर लिहिलेली साइज बरोबरच होती. घोळ झाला तो पेटीवर ठळक न लिहिलेल्या आकड्यात.

(काटेकोर मंडळी कॅमारोला ‘पोनी कार’ म्हणतात आणि मसल कारचा मान १९६४च्या पॉन्टियाक जीटीओला देतात. तो वाद इथे नको. चाकांचं गणित दोन्हीकडे तेच.)

आधी टायरवरची जुनी लिपी वाचायला शिकू. सुरुवातीच्या साध्या कॅमारोला कारखान्यातून ‘७.३५-१४’ टायर येत. म्हणजे टायर फुगल्यावर साधारण ७.३५ इंच रुंद आणि रिम १४ इंची. उंची किती, ते त्यात लिहिलेलंच नाही. जोरकस मॉडेलांना ‘एफ ७०-१४’ मिळे. यातलं ‘एफ’ हे अक्षर वजन पेलण्याची क्षमता सांगतं, आणि ७० म्हणजे टायरची भिंत त्याच्या रुंदीच्या ७० टक्के उंच. आजच्या ‘२१५/७० आर १४’मध्ये रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि ‘आर’ रेडियलचा, म्हणजे ज्याचे आतले धागे तिरके नसून कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात. भिंत २१५च्या ७० टक्के, म्हणजे १५०.५ मिमी. ती वर एकदा, खाली एकदा. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिमी मिळवले की टायरची पूर्ण उंची ६५७ मिमी, ढोबळमानाने २६ इंच.

हे २६ इंच नीट लक्षात ठेवायचे, कारण गाडीचा अर्धा संसार त्यावर उभा आहे. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते. चाक किती मोठं आहे हे तिला कळत नाही, ती फक्त फेऱ्या मोजते. २६ इंची टायर काढून २८ इंची लावलं, तर काटा ताशी ७० मैल दाखवतो तेव्हा गाडी ७५च्या वर असते, आणि पोलीस केबलचं ऐकून घेत नाही. शिवाय मागच्या अ‍ॅक्सलचं ३.७३चं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या ३.७३ फेऱ्या) प्रत्यक्षात ३.४६सारखं वागायला लागतं, म्हणजे सिग्नलवरून सुटतानाचा तो धक्का, ज्याच्यासाठी ही गाडी घेतली, तोच मंद होतो. म्हणून रिम मोठी करायची असेल तर भिंत बारीक करून बाहेरची उंची तीच राखायची. २३५/६० आर १५ची उंची ६६३ मिमी, २४५/४५ आर १७ची ६५२, २४५/४० आर १८ची ६५३. तिन्ही त्याच कुळातली. आपल्याकडे जीपला ‘अपसाइझ’ करणाऱ्यांनीही हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

आता मघाचा न लिहिलेला आकडा. त्याचं नाव बॅकस्पेसिंग. रिम पालथी जमिनीवर ठेवा, तिच्या आतल्या कडेवर एक पट्टी आडवी टाका आणि जिथे रिम हबला, म्हणजे ती ज्यावर बोल्टांनी बसते त्या मधल्या भागाला, टेकते त्या पृष्ठापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. झालं बॅकस्पेसिंग. चाकाचा किती भाग हबच्या आत जाणार हे त्यावरून समजतं. उरलेला भाग बाहेर. इथे एक मेख आहे. ‘७ इंच’ रिम म्हणजे टायर जिथे बसतं ती आतली रुंदी. कडांची जाडी धरली तर बाहेरून बाहेर ती साधारण ८ इंच भरते.

कॅमारोच्या त्या काळच्या १५ बाय ७ इंची, कारखान्याच्या ‘रॅली’ रिमचं बॅकस्पेसिंग सुमारे सव्वाचार इंच. म्हणजे सव्वाचार आत, पावणेचार बाहेर. शेजाऱ्यांनी आणलेली रिम ९ इंची, म्हणजे बाहेरून १० इंच, आणि बॅकस्पेसिंग साडेचार. आत साडेचार, बाहेर साडेपाच. आत फक्त पाव इंच वाढ, बाहेर पावणेदोन इंच! दोन इंच रुंदी वाढली ती जवळजवळ सगळी मडगार्डच्या दिशेने. मग घासणार नाही तर काय?

तोच हिशेब १७ बाय ८ इंची, पावणेपाच बॅकस्पेसिंगच्या रिमचा करून पाहा. बाहेरून ९ इंच. आत पावणेपाच, बाहेर सव्वाचार. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच वाढ. चाकाचा मध्य तसूभरही हलला नाही. त्याचा फायदा जागेपुरता नाही. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर रस्त्याला एका बिंदूत टेकतो. त्या बिंदूपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे स्टिअरिंगला मागे ओढणारा दांडा. मध्य बाहेर सरकला की दांडा लांबतो आणि प्रत्येक खड्डा, प्रत्येक एकतर्फी ब्रेक थेट हातात येतो. शेजाऱ्यांच्या त्या रिम्सनी मध्य पाऊण इंच बाहेर नेला होता. मडगार्ड वाचलं असतं तरी मनगटं वाचली नसती.

मग रुंद टायर घ्यायचंच कशाला? लोक म्हणतात, जास्त रबर रस्त्यावर टेकतं म्हणून. हे अर्धसत्य आहे. पुढच्या एका चाकावर ४०० किलो भार आणि टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर तो भार तोलायला साधारण १९० चौरस सेंटिमीटर जागा लागते. दीड पोस्टकार्ड! टायर अरुंद असो वा रुंद, हवा तीच तर जागा जवळपास तेवढीच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. वळताना ठशातलं रबर पुढून मागे जाताना हळूहळू आडवं ताणलं जातं आणि मागच्या टोकाला घसरायला लागतं. ठसा आखूड आणि आडवा असला की तेवढीच पकड कमी वळवण्यात मिळते, आणि गाडी सांगितल्याबरोबर वळते. त्यात रबराचा स्वभाव शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या नियमाला जुमानत नाही. दाब वाढवला की त्याचा घर्षणांक घटतो. त्यामुळे रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता आली तर खरा लाभ तिथे.

पण या टायरखालची गाडी जुन्या काळातली आहे हे विसरता येत नाही. मिशलँने रेडियलचं पेटंट १९४६मध्ये घेतलं, तरी १९६९ची अमेरिकी गाडी आखली गेली ती तिरक्या धाग्यांच्या टायरसाठी, आपले ट्रकवाले ज्याला ‘नायलॉन’ म्हणत त्या जातीच्या. हे टायर सरळ रेषेत स्वतःच भटकतं आणि वळणात लवकर हार मानतं. त्याला साजेशी मापं म्हणून कारखान्याने स्टिअरिंगचा अक्ष जवळजवळ उभा ठेवला होता. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहतं. तो कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, कमी असला की जड गाडीही हलक्या हाताने वळते. रेडियलची पकड या मापांवर वाया जाते. म्हणून जाणते लोक नवी टायर बसवताना अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कल जुळवण्याचं काम, जुन्या पुस्तकाप्रमाणे करत नाहीत. कॅस्टर तीन अंशांच्या आसपास नेतात आणि चाकाचा माथा अर्धा अंश आत कलवतात. टायरवर हजार डॉलर खर्च करून अलाइनमेंट जुनीच ठेवणं म्हणजे नव्या चपलेत जुना खिळा.

किती इंची रिम घ्यावी? माझं मत सरळ आहे. ब्रेक ड्रमचे किंवा मूळच्या ११ इंची डिस्कचे असतील, तर १५ इंची रिम आणि २३५/६० टायर. १४१ मिमीची भिंत मिशिगनच्या खड्ड्यांना पुरून उरते आणि गाडी स्वतःसारखी दिसते. त्या मापात वेगवान टायरांची निवड मात्र आता फार थोडी उरली आहे. टेनेसीतल्या चॅटानुगाची ‘कोकर टायर’ ही कंपनी जुन्या नक्षीची टायर बनवते, पण ती प्रदर्शनाला जास्त शोभतात. ब्रेकची १३ इंची मोठी डिस्क बसवली असेल, किंवा गाडी खरोखर पळवायची असेल, तर १७. त्यापुढे २० इंचांपर्यंत जाणारे आहेत. २६ इंचांच्या उंचीत २० इंची रिम घातली की भिंतीला ७६ मिमी उरतात. शिवाय रिमचं धातूचं कडं केंद्रापासून जितकं लांब तितकं फिरवायला जड, आणि ते अंतराच्या वर्गाने. १५ची १७ केली तर तेवढ्याच वजनाचं कडं २८ टक्के जास्त जडत्व दाखवतं.

बोल्टचं एक सांगायलाच हवं. कॅमारोचे पाच बोल्ट ४.७५ इंच व्यासाच्या वर्तुळावर बसतात, म्हणजे १२०.६५ मिमी. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांचं वर्तुळ १२० मिमीचं. फरक पाऊण मिलिमीटरही नाही, म्हणून तसली रिम चढते, नटही आवळले जातात. पण नट आपल्या खोबणीत सरळ बसत नाहीत, एका कुशीवर टेकतात. असा नट हळूहळू सैल होतो. पाच बोल्टांच्या चाकात समोरासमोर बोल्ट नसतात, त्यामुळे शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७ने गुणायचं. ७१ मिमी आलं तर शेव्हरलेचं वर्तुळ, ६७ आलं तर फोर्डच्या मस्टँगचं साडेचार इंची.

यंदा शेजाऱ्यांनी फोटो पाहिले नाहीत. गवंड्यासारखा ओळंबा घेतला, मडगार्डच्या कडेवरून सोडला आणि हबपासून अंतर मोजलं. डावीकडे आणि उजवीकडे, चारही चाकांना. मागच्या दोन बाजूंत पाच मिलिमीटरचा फरक निघाला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. “तेव्हा गाड्या माणसं जोडायची,” म्हणाले. पुढे २४५ आणि मागे २५५ ठरलं. टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचायला मी बजावलं होतं, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे वर्षाचे. या गाड्या वर्षाला जेमतेम हजार मैल फिरतात. त्यांची नक्षी झिजण्याआधी रबर म्हातारं होतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. त्याच्या आदल्या आठवड्यात नवी चाकं बसली. शेजाऱ्यांनी चारही मडगार्डांच्या आतल्या कडेला खडू फासला, मला आणि माझ्या मुलाला वजन म्हणून मागच्या सीटवर बसवलं आणि रेल्वे फाटकावरून गाडी दोनदा मुद्दाम आपटत नेली. परत आल्यावर टॉर्च घेऊन आम्ही तिघं जमिनीवर आडवे झालो. तीन कडांचा खडू जशाचा तसा. डाव्या मागच्या कडेवर दोन बोटांएवढा पट्टा पुसलेला, बरोबर त्याच बाजूला जिथे पाच मिलिमीटर कमी भरले होते. मी काही बोलण्याआधीच ते कड आत वळवायचा रोलर शोधायला उठले होते. तो सापडला रिम्सच्या उतरंडीमागे.